खालचे सूर

दुसऱ्या अंतऱ्याच्या तोंडाशी दत्तप्रसादांची बेस गिटार बंद पडली आणि हे दत्तप्रसाद सोडून कोणालाच कळलं नाही.

आनंद गात राहिला. पेशानं तो दातांचा डॉक्टर. वरचा सूर लावताना आपणच पेशंट असल्यासारखा जबडा उघडायचा. शेजारी निकिता कीबोर्डवर, मागे मेहबूब ड्रमवर. सिंहगड रस्त्यावरच्या एका सोसायटीचा वर्धापनदिन, रविवारची सकाळ, नुकताच पोटात उपमा गेलेले प्रेक्षक. जुन्या हिंदी गाण्यावर सगळे माना डोलावत होते. बेस गेला, पण एकाही मानेची लय बिघडली नाही.

दत्तप्रसादांनी बोटं थांबवली नाहीत. भर कार्यक्रमात खाली वाकून वायरी चाचपायला जो धीर लागतो, तो चौसष्ट वर्षांत त्यांच्या अंगी आला नव्हता. ते मुक्या तारांवर इमानेइतबारे वाजवत राहिले.

बेसवाल्याकडे कोणी बघत नाही, हे त्यांनी कधीच मान्य केलं होतं. निवृत्तीनंतर हौसेनं शिकले, तेव्हापासून लोक बेसच्या चारच तारा बघून त्यांना एकच प्रश्न विचारायचे : "दोन तारा तुटल्या का हो तुमच्या?" तेही हसून सोडून द्यायचे. फक्त एक गोष्ट त्यांनी आपल्या जमेला धरली होती : आपण नसलो तर गाणं लंगडतं. आज गाणं ठणठणीत चाललं होतं.

आणि नेमकी आजच तिसऱ्या रांगेत त्यांची बायको जया बसली होती. आजवर एकाही कार्यक्रमाला आली नव्हती ती. कधी गुडघा आड यायचा, कधी पापड, कधी "तुमच्या त्या मेहबूबच्या बडवण्यानं माझं डोकं उठतं." आज मात्र सकाळी आपणहून साडी बदलून दारात उभी राहिली. "चला, बघू तरी तुम्ही नेमकं करता काय ते."

आता ते काहीच करत नव्हते.

दत्तप्रसादांनी मनातल्या मनात हिशेब मिटवून टाकला. एवढा कार्यक्रम उरकायचा, गिटार खोळीत घालायची आणि खोळ माळ्यावर टाकायची. कोणाला सांगायचीही गरज नाही. कळणार कोणाला?

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतली एक खुर्ची करकरली.

"थांबा हो जरा."

जया उभी राहिली होती. आनंदचा जबडा वरच्या सुरावर तसाच राहिला. "काय झालं, वहिनी?"

"ह्यांचं वाजत नाहीये."

"वाजतंय की, काकू!" निकिता म्हणाली. "एकदम मस्त चाललंय."

"तुमचं चाललंय. ह्यांचं नाही."

मेहबूबनं काठ्या मांडीवर ठेवल्या. "दत्ताभाऊ, एक तार छेडा बघू."

दत्तप्रसादांनी छेडली. अख्खा हॉल गप्प, आणि त्यात नुसतं 'टक्'. घरी ते हेडफोन लावूनच वाजवायचे, नाहीतर खालच्या मजल्यावरचे वर यायचे. स्वयंपाकघरात लसूण सोलत बसलेल्या जयापर्यंत सहा वर्षं त्यांचं सगळं संगीत एवढंच पोचत आलं होतं.

गुन्हेगार सापडायला वेळ लागला नाही. सोसायटीचे सेक्रेटरी बापूराव भिंतीपाशी कॉफीचं मशीन सुरू करून उभे होते.

"एकच तर प्लग काढला," बापूराव म्हणाले. "आधी पंख्याचा काढून बघितला, तर लोक माना वर करायला लागले. मग हा काढला. कोणी काही बोललं नाही. म्हटलं, जादाचा असेल."

हॉल हसला. दत्तप्रसादही हसले, अशा वेळी सगळ्यांच्या आधी आपण हसलेलं बरं.

"मी बोलले की," जया म्हणाली. "लावा तो परत. कॉफी मागाहून पिऊ." आणि पदर सारखा करून खाली बसली.

गाणं पहिल्यापासून सुरू झालं. माना मगाशी डोलत होत्या तशाच डोलायला लागल्या. खरं सांगायचं तर, हॉलमध्ये कोणाला काडीचा फरक पडला नाही. फक्त जया मान डोलावत नव्हती. ती डोळे मिटून बसली होती, आणि मांडीवरच्या पर्सवर तिचं एक बोट हलत होतं.

घरी जाताना स्वारगेटच्या सिग्नलला दत्तप्रसादांनी स्कूटरचं इंजिन बंद केलं. मागे जया, तिच्या पाठीला गिटारची खोळ, तिच्या डोक्याच्याही वर गेलेली. शेजारच्या रिक्षावाल्यानं दोघांकडे निरखून बघून घेतलं.

"कसं गं कळलं तुला?" मान न वळवता त्यांनी विचारलं.

"त्यात कळायचंय काय? पायरी आहे म्हणून पाऊल टाकावं आणि ती नसावी, तसं झालं."

सिग्नल लांबला होता. मग त्यांच्या कानाशी जया गुणगुणायला लागली. तिला चांगला गळा नव्हता आणि हे तिलाही माहीत होतं. पण ती आनंदची चाल नव्हती. त्या चालीच्या खालून चाललेलं, जे कोणीच गुणगुणत घरी घेऊन जात नाही, ते बेसचं होतं. डुम्, डुडुम्, डुम्.

दत्तप्रसाद कान देऊन ऐकत होते. पण शेवटी कलाकारच, राहवलं नाही.

"तिथं," ते म्हणाले, "जरा थांबायचं असतं."

"माहितीये," जया म्हणाली. "तुम्हीच रोज घाई करता."