दारातल्या चपला

"इतकी माणसं कुठून आली गं?" टेकडी चढताना मार्थाताईंनी विचारलं. वरच्या चर्चमधून दीडदोनशे गळ्यांचं गीत ऐकू येत होतं.

आमचं महिला मंडळ तालुक्यातलं एकेक चर्च महिनाभर धरतं आणि दर रविवारी तिथे प्रार्थनेला जातं. इथे मागच्या रविवारी तीनच म्हाताऱ्या होत्या. बाकीचं गाव कामाला पुण्यात. आम्ही गुडघे टेकून मागितलं होतं, "प्रभू, ही बाकं भरू दे."

आनंदाने आम्ही दाराशी पोचलो. बाहेर चपलांचे तीनच जोड होते.

त्या तिघींपैकी सलोमीआजी डोळे पुसत बाहेर आल्या. "ऐकलं गं बायांनो देवानं तुमचं! माझा एलिशासुद्धा आलाय."

एलिशाची, त्यांच्या मुलाची, कबर त्यांनीच आम्हाला मागच्या रविवारी दाखवली होती.

"आता आम्ही सगळे मिळून तुमच्या चर्चसाठी प्रार्थना करणार," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडंही बाकं रिकामीच असतात ना?"

मार्थाताई माझा हात धरून मागे ओढत होत्या. मला मात्र आमच्या चर्चमधली, पुरुषांच्या बाजूची खिडकीजवळची जागा दिसत होती. हे गेल्यापासून तिथे कुणी बसत नाही.

"आजच कराल का, आजी?" मी विचारलं.