चौथी हवी

मेघनाने पहिला घास उचलला आणि फोन वाजला.

"उचलू नकोस," सरलाकाकू म्हणाल्या. फोन की घास, ते कळेना, म्हणून मेघनाने घासही खाली ठेवला.

अविधवा नवमी होती. सवाष्ण असताना गेलेल्या बाईच्या नावाने या दिवशी एका सवाष्णीला जेवू घालतात. ही जेवली की ती जेवली. ती म्हणजे काकूंची सून क्षितिजा, दोन वर्षांपूर्वी डेंगीने गेलेली. मेघना तिच्याच विमान कंपनीत, तिच्यासारखीच केबिन क्रू. म्हणून बोळिंजहून तिला अर्नाळ्याच्या रस्त्यावरच्या या वाडीत बोलावलं होतं. आज ती स्टँडबायवर होती. स्टँडबाय म्हणजे सुट्टीच, फक्त युनिफॉर्म चढवून, केसांचा बन घालून, बोलावलं की निघायच्या तयारीत बसायची. काकूंना त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यांनी त्या बनवरच जाईचा गजरा माळला आणि तसाच एक क्षितिजाच्या फोटोला घातला. फोटोतही युनिफॉर्मच होता.

ताट क्षितिजाचं होतं, काठावर नाव कोरलेलं. खीर, वडे, अळूवडी.

"दर सणाला ह्याच ताटावर बसायची," काकू म्हणाल्या, "आणि दर सणाला त्या मेल्या फोनने उठवली. घास तोंडात, पाय चपलेत. आज तरी पोटभर जेवू दे तिला."

फोन पुन्हा वाजला. या वेळी मेघनाने घेतला. ऑफिसातला नवा मुलगा, उमंग. वाराणसीचं विमान उभं आहे, तिघीच आल्यात, चौथी आजारी पडलीय, लगेच निघा.

"एकशे ऐंशी सीटा आहेत, काकू," मेघना फोनवर हात ठेवून म्हणाली. "पन्नास सीटांना एक, म्हणून चौघी लागतात. त्याशिवाय विमान हलत नाही."

"आणि माणसंच कमी असली तर?"

"तरी चौघी. सीटा मोजतात, माणसं नाही."

"मग बाई तरी कशाला हवी? केळीच्या खांबाला साडी नेसवून उभा करा."

काकूंचा मुलगा जितेंद्र सकाळपासून पहिल्यांदा हसला. मग बायकोच्या फोटोकडे बघून थांबला.

मागच्या महिन्यात मेघनाने एकदा नाही म्हटलं होतं. दुसऱ्यांदा नाही म्हणजे घरीच बसायचं, तेही युनिफॉर्मशिवाय. ती उठायला लागली. काकूंच्या हाताने कोपऱ्यातली, अन्नावर झाकायची जाळी आपोआप ताटाकडे ओढली. ती सवय बघून मेघना परत खाली बसली.

"मी येत नाही," ती फोनवर म्हणाली. "माझं जेवण चाललंय."

उमंगने फोन ठेवला. वाडीतला पाण्याचा पंप मधेच बंद पडला. दाराशी, चपलांच्या जागेवर, चाकांची बॅग सरकल्यासारखा आवाज आला. जितेंद्र चटकन उठला, बॅग पायऱ्यांवरून उतरवून द्यायला. दारात कोणी नव्हतं. तो हात पुढे करून तसाच उभा राहिला.

मेघनाने घास उचलला. फोन वाजला.

"मॅडम, टेन्शन नाही. चौथी आली," उमंग म्हणाला. "बोलावलीपण नव्हती, आपणहून आली. सिस्टममध्ये दोन वर्षं सुट्टीवर दिसतेय, पण नाव आहे ना, झालं तर. एकदम टापटीप आहे हां. केसात गजरा होता तेवढा काढायला लावला."

"नाव काय तिचं?"

उमंगने सांगितलं.

मेघनाने फोटोकडे पाहिलं. फोटोवर गजरा नव्हता. ऐकलेलं नाव तिला मोठ्याने म्हणवेना. तशी गरजही पडली नाही.

"कुठली फ्लाइट?" जितेंद्रने दारातूनच विचारलं.

"वाराणसी."

"म्हणजे यायला उशीर होणार."

काकूंनी मेघनाच्या बोटांतला घास अलगद सोडवून ताटात ठेवला आणि ताटावर जाळी घातली.

"तुला दुसरं वाढते गं," त्या म्हणाल्या. "ड्यूटीवरून आली की नुसती भूक भूक करते ती."