उरलेली मिशी

रेवतीने काडेपेटी उघडून टेबलावर ठेवली. आत चपलेखाली चिरडलेली गांधीलमाशी होती.

"लसमाशीच ना ही, सबनीसकाका? सकाळी माझ्या इराला कुत्रं चावलं. आरोग्य केंद्रानं लस टोचायला लसमाशी सोडली आणि दुपारी ही तिच्या दंडाला डसली. केंद्रातलं यंत्र म्हणतंय, डोस झाला."

"पंख शाबूत असता तर शिरांवरून लगेच सांगता आलं असतं."

"भीतीनं हाणली हो. आज तेवढं तुमचं ते 'बहुधा' नको."

आयुष्यभर कीटक पारखलेल्या सबनीसांनी भिंग धरलं. लसमाशी ज्या कुळातून तयार केली होती, त्या कुळाची मिशी कोपरासारखी वाकते. इथे एकच मिशी उरली होती. लांब, सरळ, बारीक मण्यांच्या माळेसारखी. चपलेनं सरळ झाली असेल का? की आपलेच डोळे गेले? त्यांनी पुन्हा पाहिलं, मग उजेडाकडे वळून पुन्हा. कोपर नव्हताच.

इरा दारात पायावरची पट्टी खाजवत बसली होती.

"ही रानातली आहे," ते म्हणाले. "लसमाशी नाही."

रेवती 'बहुधा'साठी थांबली. तो शब्द आला नाही. तिने इराला उचललं आणि जिल्ह्याच्या इस्पितळाकडे निघाली. सुईनं टोचायची लस आता तिथेच मिळत होती.