बुधीची साक्ष

वाडी दिसू लागली तशी टिपणीसांची पावलं जड झाली. पुढं चालणारा चांगो थांबला. "सायेब, दम खावा. म्हातारी कुटं पळून नाय जायाची."

माथेरानच्या पायथ्याची ही कातकरी वाडी. इथं बुधी राहते हे कळायला दोघांना कैक वर्षं लागली होती.

गजानन टिपणीस एकेकाळी खालापूरला फौजदार होते. खोपोलीच्या वरच्या रानात, कोळशाच्या भट्टीवर, एका मुकादमाचा खून झाला. भट्टीवर राबणाऱ्या वाघ्या कातकऱ्याचं आदल्या दिवशीच त्याच्याशी भांडण झालं होतं, आणि प्रेताजवळ पडलेला कोयता वाघ्याचाच होता. डोळ्यांनी पाहिलेलं कुणी नव्हतं. टिपणीसांनी दुवे जोडले, कोर्टाला ते पटले, वाघ्या फाशी गेला. जाताना टिपणीसांकडे बघून तो एवढंच म्हणाला, "सायेब, मी नाय मारला."

त्यानंतर टिपणीसांना झोप लागेना. त्यांनी नोकरी सोडली, कर्जतला भिसेगावात बिऱ्हाड केलं आणि ते खासगी तपासाची कामं घेऊ लागले. हरवलेले दागिने, चोरीला गेलेले बैल, घर सोडून गेलेले नवरे. दारू वाढत गेली. पत्नी उमाबाई माहेरी गेल्या त्या परतल्याच नाहीत.

मदतनीस म्हणून त्यांनी वाघ्याच्या धाकट्या भावाला, चांगोला, ठेवून घेतलं. त्याला लिहायला-वाचायला शिकवलं, आपल्या शेजारी पाट मांडून जेवायला बसवलं. आळीतले लोक बोलले. टिपणीसांनी ते कानाआड केलं. हाताशी कुठलंही काम असो, दोघांचा खरा तपास एकच होता. मुकादमाला मारलं कुणी?

खुनाच्या वेळी बुधी नावाची बाई भट्टीवर होती आणि दुसऱ्याच दिवशी लेकीला घेऊन ती घाटावर निघून गेली, हे चांगोनंच खणून काढलं होतं. लेक वारल्यावर ती परत कोकणात उतरली होती.

झोपडीपुढं बुधी मोहाची फुलं वाळत घालत होती. चांगो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि त्यानं आपण कोण, कशासाठी आलो ते सांगितलं. म्हातारी बोलू लागली. तोंडात दात नव्हते, आणि कातकऱ्यांची बोली टिपणीसांना कधीच धड कळली नव्हती. वाघ्याचं नाव तेवढं मधून मधून ऐकू येत होतं. चांगोनं मध्ये एकदा काहीतरी विचारलं. तिनं मान हलवली आणि पुन्हा बोलू लागली.

ती थांबल्यावर टिपणीसांनी विचारलं, "काय म्हणते?"

चांगोनं हाताशी आलेलं एक फूल परत वाळवणात ठेवलं आणि तो उठून टिपणीसांजवळ आला. मग हलक्या आवाजात म्हणाला, "वाघ्या तवा भट्टीवर नव्हता, सायेब. पानी आनाया गेलता. हिनं आडोशानं समदं बघितलं. मारनारे दोन परके गडी व्हते. कोयता तितंच पडलेला, त्यो त्यांनी उचलला."

"मग तेव्हा का नाही बोलली?"

"भ्याली. तरनी लेक व्हती पदरात."

टिपणीस खाली मातीतच बसले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. बुधी गोंधळून दोघांकडे बघत राहिली.

"तुझ्या भावाला मी मारलं, चांगो," ते म्हणाले.

चांगोनं त्यांना हाताला धरून उठवलं. आता तुझ्या आईकडे जायचं, तिच्या पायांवर डोकं ठेवून हे सांगायचं, असं टिपणीस म्हणाले. दारूला पुन्हा शिवणार नाही, असंही म्हणाले.

"आय वाटच बघती हाय," चांगो म्हणाला. "तिला कुनीतरी सांगाया पायजे व्हतं."

टिपणीस उताराला लागले. चांगो त्यांच्यामागं निघाला, तोच बुधीनं हाक मारली. तो परत फिरला.

"सायेब का रडला रं?" तिनं आपल्या बोलीत विचारलं. "मी बोलले ते समदं सांगितलंस ना त्याला?"

"सांगितलं."

म्हातारीनं सुस्कारा सोडला. "बरं झालं. लई दिस पोटात ठेवलं मी. मुकादमाच्या हातनं माज्या लेकीला सोडवाया वाघ्यानंच मारला त्याला."