नवव्या भागातलं दार

मंगळवारी दुपारी ‘ॲशमूर’ या कॉम्प्युटर गेमचा नववा भाग खेळून संपला. हितेंद्रने चष्मा काढून शर्टाला पुसला आणि लगेच लिहायला बसला. तलवारीला आता वजन आलंय. अरुंद जिन्यात कॅमेरा अजूनही भिंतीत अडकतो. थडग्यांमधून उठणारी प्रेतं आठव्या भागापेक्षा हुशार आहेत. आणि मग शेवट. तो त्याने सविस्तर लिहिला.

शेवट सांगणं ही पेपरातल्या त्याच्या सदराची खासियत होती. जळगाव-धुळ्यात इतका महागडा खेळ घेणारे थोडे, त्याची गोष्ट वाचून समाधान मानणारे जास्त. कंपनी खेळ आठवडाभर आधी पाठवायची. अट एकच, शुक्रवारी सकाळी पेपर येईपर्यंत शेवटाबद्दल अवाक्षर काढायचं नाही.

लेख मथळ्यासकट पाठवल्यावर प्रेमराजसरांचा फोन आला. पुरवणी त्यांच्याकडे होती.

“मजकूर चांगला आहे. पण या वेळी फुटलं तर सदर बंद. वरून तसं सांगितलंय.”

“नाही फुटणार.”

“गेल्या वर्षीही हेच म्हणाला होतास.”

गेल्या वर्षी भडगावहून एका बाईचा फोन आला होता. मुलगा आजारी आहे, तेवढा शेवट सांगा. हितेंद्र विरघळला. दोन तासांत तो शेवट एका यूट्यूब चॅनेलवर झळकला. मुलगा नव्हता, आजारही नव्हता. बाई त्या चॅनेलवाल्याची मावशी निघाली.

“आणि तू म्हणे बातमीदार,” प्रेमराजसर म्हणाले. “आपल्या बातम्या चोरणाऱ्या पेपरला तू कसं पकडलं होतंस? नसलेलं गाव बातमीत घालून. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या गावातही गारपीट पाडली.”

दोघंही हसले.

बुधवारी सकाळी पुन्हा एका बाईचा फोन आला. मेघा, धुळ्याहून. नवरा दवाखान्यात आहे. रक्ताचा आजार. डॉक्टरांनी घरी न्या म्हटलंय. शुक्रवारपर्यंत तग धरेल की नाही, सांगता येत नाही. त्याला ‘ॲशमूर’चा शेवट हवाय.

हितेंद्रला भडगावचा फोन आठवला.

“फोनवर नाही सांगत,” तो म्हणाला. “मी येतो.”

जळगावातल्या पिंप्राळ्याहून रिक्षाने तो स्टँडवर आला. एसटी पारोळ्याला पंधरा मिनिटं थांबली. तिथे त्याने चहा घेतला, अर्धा टाकून दिला.

दवाखान्यात खाटेवर मेघाचा नवरा किरण होता. बत्तीस-तेहतीसचा असेल. हाताला सुई, ओठ कोरडे. उशाशी टेबल, त्यावर मोसंबी, आणि पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा ठेवलेला मेघाचा फोन. पडदा उजळलेला होता. त्यावर काय आहे ते हितेंद्रच्या बाजूने दिसत नव्हतं.

“तुम्ही खरंच आलात,” किरण म्हणाला. “मी हिला म्हटलं, पेपरवाले कशाला येतात. आपण मेल्यावर येतात ते.”

“असं बोलू नका हो,” मेघा म्हणाली.

“पाचव्या भागापर्यंत मी खेळलोय, भाऊ. एका कॉम्प्युटरवर दोघं. पुढचं सगळं तुमच्या लेखात वाचलं.”

“दोघं म्हणजे?”

“ह्यांचे थोरले भाऊ,” मेघा म्हणाली. “योगेंद्रभाऊ. मुक्ताईनगरला असतात. आमच्या लग्नापासून...”

“राहू दे ते,” किरणने तिला थांबवलं.

पाचव्या भागात थोरला भाऊ गडाचं लोखंडी दार लावून घेतो आणि धाकटा बाहेर प्रेतांमध्ये राहतो, हे मालिका ओळखणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पुढचे तीन भाग धाकटा ते दार ठोठावत होता.

“बाकी काही नको,” किरण म्हणाला. “थोरला दार उघडस का नही, इतलंच सांग. येळ कमी शे, भाऊ.”

मेघाने फोन किंचित जवळ ओढला. तिचं बोट पडद्याजवळ होतं.

हितेंद्रने त्या फोनकडे पाहिलं. मग किरणकडे.

“नाही उघडत,” तो म्हणाला. “धाकटा शेवटपर्यंत ठोठावतो. थोरला आतून ऐकतो. मग किल्ली विहिरीत टाकतो आणि वळतो.”

“नवव्या भागातबी?”

“नवव्या भागातही.”

किरणने डोळे मिटले. “बरोबर शे,” तो म्हणाला. मग मेघाला, “फोन ठेव आत.”

तिने फोन उचलून पर्समध्ये टाकला. ती घाई हितेंद्रने टिपली. एक मोसंबं घ्याच असा तिने आग्रह केला, ते खिशात टाकून तो निघाला.

परतीच्या वाटेत त्याने यूट्यूबवरचे सगळे चॅनेल पाहिले. घरी पोचल्यावर पुन्हा पाहिले. गुरुवारी दिवसभर दर तासाला पाहिले. ‘ॲशमूर’च्या शेवटाबद्दल कुठेच काही नव्हतं. संध्याकाळी प्रेमराजसर म्हणाले, “शाब्बास, नाही फुटलं.” हितेंद्रला त्या रात्री जेवण गेलं नाही.

शुक्रवारी सकाळी सात वाजता मेघाचा फोन आला.

“काल दुपारी गेले,” ती म्हणाली. आवाज कोरडा होता. “तुम्ही एवढ्या लांब आलात, म्हणून कळवलं.”

“भाऊ आले होते का? योगेंद्रभाऊ?”

“बोलावलंच नाही. मी त्यांचा नंबर फोनवर काढून बसले होते त्या दिवशी, बटण तेवढं दाबायचं होतं. ह्यांनी मनाशी ठरवलं होतं, खेळातल्याने दार उघडलं तर आपणही एकदा ठोठावून बघायचं. तुम्ही नाही म्हणालात आणि शांत झाले. म्हणाले, त्या माणसाने कधी खोटं लिहिलं नाही.”

हितेंद्रने चष्मा काढला.

“तुमचा लेख आज आहे ना? पेपर आत्ताच पडलाय. ह्यांच्या फोटोपुढे वाचते, थांबा.”

फोनमध्ये कागदाची घडी उलगडल्याचा आवाज आला. हितेंद्रच्या मांडीवरही तोच अंक होता, सहावं पान वर, आणि त्यावर त्याने मंगळवारीच दिलेला मथळा: ‘अखेर थोरला दार उघडतो’.