सरदाराचं नाक
कोरियातल्या देगू शहरातल्या चित्रकलेच्या क्लासमध्ये आम्ही दोन वर्षं प्लॅस्टरच्या एकाच रोमन सरदाराचं डोकं कोळशानं गिरवलं. आज कलाशाळेच्या प्रवेशासाठी पहिल्यांदाच आरशात बघून स्वतःचा चेहरा काढायचा होता. मी झोकात काढला. शेजारची दासोम वाकून बघत खिदळली, “अगं, हा तर सरदार! तुझी वेणी घालून बसलाय!” खरंच की! हातानं सवयीनं त्याचंच उंच नाक काढलेलं. क्लासच्या ग्वाक बाई म्हणाल्या, “दहा मिनिटं उरलीत. हेच पाठवलं तर प्रवेश त्यालाच मिळेल!” माझं नाक आहे तरी कसं? आरशातही सरदारच दिसायला लागला. डोळे मिटून काळ्या बोटांनी चाचपलं. बसकं, गोल, टोकाला चक्क खळी! इतकी वर्षं मला पत्ताच नाही! सरदाराचं नाक खोडलं आणि कोळशानं माखलेलं माझं नाक कागदावर तिथेच दाबलं. बाईंनी खोडरबर उचलला, माझ्याकडे पाहिलं आणि खिशात टाकला.