सक्षम अधिकाऱ्यांच्या अवलोकनार्थ

निवेदितानं प्रवेशाच्या पोर्टलचं पान बंद करून पुन्हा उघडलं. पिवळी पट्टी तिथेच होती: ‘छाननी सुरू आहे.’

“नाही ना सरकला अर्ज?” तिचे वडील मार्तंडराव वर्तमानपत्राआडून म्हणाले. त्यांच्या आवाजात काळजी कमी आणि समाधान जास्त होतं.

मेहकरच्या कॉलेजात बी.एस्सी.चं पहिलं वर्ष झालं होतं. निवेदिताला भूगर्भशास्त्र हवं होतं, आणि ते इथे नव्हतं. म्हणून तिनं रात्रभराच्या प्रवासाइतक्या लांबच्या एका विद्यापीठात थेट दुसऱ्या वर्षाला बदली मागितली होती. अर्ज गेला. गुणपत्रिका गेली. कॉलेजचं ना-हरकत पत्र गेलं, मागाहून मागितलेलं स्थलांतर प्रमाणपत्रही गेलं. आता फक्त पट्टी हिरवी व्हायची होती. शनिवारपर्यंत झाली नाही, तर तिला इथेच रसायनशास्त्र घेऊन बसावं लागणार होतं. आणि दगडावर बोलायला लागली की जेवण विसरणाऱ्या या मुलीला रसायनशास्त्राच्या तासाला मात्र हटकून भूक लागत असे.

मार्तंडरावांची सारी नोकरी सरकारी कचेरीत गेली होती. अर्ज स्वतःहून एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेल्याचं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पोर्टल आपोआप चालतं, असं निवेदितानं त्यांना दोनदा समजावलं.

“चालवणारा तर माणूसच राह्यते न बेटा,” ते म्हणाले, आणि त्यांनी अमरावतीच्या साडूला फोन लावला. साडूच्या व्याह्यांचा भाचा त्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात होता.

मग त्यांना एक निवृत्त प्राध्यापक आठवले. हिवरा आश्रमाच्या महाप्रसादाला हे गृहस्थ पंगतीत शेजारी बसले होते आणि पुरी संपून वांग्याची भाजी पुन्हा येईपर्यंतच्या वेळात दोघांनी नंबरांची देवाणघेवाण केली होती. त्यांनाही फोन झाला. साखरखेर्ड्याच्या एका पुढाऱ्याच्या पीएलाही झाला. प्रत्येकानं ‘सांगून ठेवतो’ असं सांगितलं आणि, आपल्याकडे असं सहसा होत नाही, पण प्रत्येकानं खरंच सांगून ठेवलं.

“माह्या गॅस सिलिंडरसाठी नाही केला कधी असा फोन,” निवेदिताची आई प्रतिमाताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

निवेदिता मात्र चिडली. “बाबा, काऊन करता असे फोन? माहे मार्क चांगले आहेत न. वशिल्यानं भेटन तर मले ती सीटच नको.” हे तिनं इतक्या ठामपणे सांगितलं, की मार्तंडरावांनी पुढचा फोन गच्चीवर जाऊन केला.

बुधवारी पट्टी बदलली. ‘सक्षम अधिकाऱ्यांच्या अवलोकनार्थ’, असं आलं. मार्तंडरावांनी ते वाक्य मोठ्यानं वाचलं, आणि पेढे आणले. अर्ज साहेबांच्या टेबलावर पोचला होता. त्यांच्या मते आता राहिली होती ती फक्त सही.

गुरुवारी संध्याकाळी गार्गी आली. गार्गी निवेदिताच्याच वर्गातली. अर्जही दोघींनी एकाच दिवशी, एकाच ठिकाणी केलेला. तिच्या वडिलांची पिठाची गिरणी, आणि त्यांची ओळख दळण आणणाऱ्यांपलीकडे नव्हती. तिला प्रवेश मिळाला होता. मार्क निवेदितापेक्षा कमी होते, हे सांगताना बिचारीला स्वतःलाच संकोच वाटला. प्रतिमाताईंनी तिला उरलेले पेढे दिले.

शुक्रवारी सकाळी निवेदितानं विद्यापीठाच्या प्रवेश विभागाला फोन लावला. आपल्याला ऐकू यावं म्हणून मार्तंडरावांनी तो स्पीकरवर ठेवायला लावला. पलीकडे एक बाई होत्या. त्यांनी अर्जाचा क्रमांक विचारला, मग म्हणाल्या, “अच्छा, त्या तुम्ही का!”

या ओळखीनं मार्तंडराव सुखावले. हे सुख फार वेळ टिकलं नाही.

“ताई, गुणांवर तुमचं नाव पहिल्याच यादीत लागलं होतं,” बाई म्हणाल्या. “पण फोन फार आले. एवढी माणसं मागे लागली म्हणजे कागदपत्रांत काहीतरी गडबड असणार, असं साहेबांना वाटलं. त्यांनी अर्ज चौकशीला काढून ठेवला.”

स्वयंपाकघरातला मिक्सर बंद झाला. मार्तंडरावांनी छताचा पंखा निरखायला घेतला. निवेदितानं त्यांच्याकडे पाहिलं नाही, हे बरं झालं. अस्सल कागद घेऊन मी आजच रात्रीच्या गाडीनं निघते, असं ती बाईंना म्हणाली.

येऊन उपयोग नाही, असं बाईंनी मायेनं सांगितलं. साहेब विद्यार्थ्यांना भेटत नाहीत. पालकांना तर नाहीच. ही चौकशी अजून सुरूही झालेली नव्हती, आणि शनिवार तर उद्यावर आला होता.

“मग मी करू तरी काय, मॅडम?”

बाई आवाज खाली आणून म्हणाल्या, “माझं नाव सांगू नका. पण एकच उपाय आहे. कोणीतरी वजनदार माणसानं साहेबांना फोन करून सांगायला पाहिजे, की या मुलीची कोणाशीच ओळख नाही.”

फोन बंद झाला. मार्तंडरावांचा मोबाईल टेबलावर पालथा पडला होता आणि त्यांनी त्याला हात लावला नाही. साऱ्या नोकरीत त्यांनी एवढा संयम कधी दाखवला नव्हता.

निवेदिता खिडकीबाहेर बघत उभी राहिली.

“बाबा,” ती मान न वळवता म्हणाली, “लावा.”